खिडकीजवळच्या मशीनला आज काय द्यायचं

"सकाळी ही सगळी नागडी उठतात," मावशी म्हणाली आणि हॉलचं मेन बटण वर ढकललं.

पंखे घरघरले. टेबलांखालच्या काळ्या डब्यांवर एकेक हिरवा दिवा लागत गेला. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हा कॉम्प्युटरचा हॉल माझ्या मावशीच्या ताब्यात होता. एक नाटक संपलं होतं, दुसरं मिळालं नव्हतं, म्हणून मी तिच्या घरी राहायला आले होते. दुपारी खालच्या मजल्यावर मुलांना गोष्टी वाचून दाखवायचे आणि सकाळी उगाच तिच्या मागे मागे वर यायचे.

"नागडी म्हणजे?"

"म्हणजे यांच्या पोटात काही नाही. हार्डडिस्कच नाही. बटण दाबलं की बिचारी तारेतून ओरडतात, मी कोण, मी काय करू? मग हा," तिने कोपऱ्यातल्या सर्व्हरवर म्हशीच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली, "हा आवाज ओळखतो. प्रत्येकाच्या नेटवर्क कार्डाचा नंबर याला पाठ. तू हिशेबाचा का, हे घे. तू परीक्षेचा, हे घे. तू पोरांचा, हे घे. ते जे सगळं मिळून देतो ना, त्याला इमेज म्हणायचं."

"इमेज म्हणजे चित्र ना?"

"चित्र कसलं! अख्खं बिऱ्हाड. भांडी, पडदे, गाद्या, सगळं मांडून तयार. मशीन दिवसभर त्यात राहतं आणि संध्याकाळी बंद केलं की विसरून मोकळं. कुणी काय पसारा घातला, कुठला खेळ उतरवला, सगळं गायब. सकाळी घर पुन्हा लख्ख." तिने उसासा सोडला. "आपल्या घरी का नाही होत असं?"

मावशी हे शिकून आलेली नव्हती. ती इथे लागली तेव्हा पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवायची. हॉल उभा करणारा माणूस काम अर्धवट टाकून दुसऱ्या नोकरीवर गेला, आणि जाताना समोर जी दिसली तिच्या हातात किल्ल्या देऊन गेला. ती ही. बाकीचं तिने चुकत चुकत उचललं. सगळ्यात मोठी चूक ती स्वतःच रंगवून सांगते. लोक काम करत बसलेले असताना तिने सर्व्हरवर त्यांच्याच इमेजमध्ये सुधारणा करायला घेतली. सगळा हॉल एका क्षणात थिजला.

"पुतळे गं, पुतळे! टायपिंगची एक मुलगी तर बोट हवेत धरून बसली होती. म्हणते, ताई, खाली ठेवू का?"

तेव्हापासून तिचा कायदा ठरला. बसलेल्या माणसाखालची खुर्ची ओढायची नाही. आधी इमेजची नक्कल करायची, बदल नकलेत करायचे, स्वतःच्या टेबलाशेजारच्या खटारा मशीनवर ती चालवून बघायची, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीच्या मशीनना नव्या इमेजचा रस्ता दाखवायचा. आणि जुनी पुसायची नाही. नवीन फसलं तर मागे यायला वाट हवी. या वाक्यावर ती दोन्ही हात असे पसरायची, की तिथे खरंच एक बोळ दिसावा.

खिडकीजवळच्या टेबलावर काका बसायचे. काका म्हणजे मावशीचे यजमान, पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात जन्मभर नकाशे काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातला ब्रश गळून पडला आणि उजवी बाजू लुळी पडली. पुढे पाय परतला, हातही बराचसा परतला. बोलणं तर अख्खंच्या अख्खं परतलं. ("टोमणे आधी आले, बाकीचे शब्द मागून," इति मावशी.) पण नकाशाच्या प्रोग्रामसमोर बसले की गडबड व्हायची. पडद्यावर ती बारीक बारीक असंख्य बटणं. डोळ्यांना दिसायची, पण कुठलं कशासाठी हे डोक्यापर्यंत पोचायचं नाही. एकदा त्यांनी माऊस उचलून उलटा ठेवला आणि म्हणाले, "हे आता दुसऱ्या कुणाचं तरी झालं."

मावशीने त्यांच्यासाठी निराळी इमेज बनवली. बटणं तीनच, तळहाताएवढी: रेघ, पुसा, ठेवा. 'ठेवा' दाबलं की काढलेलं सर्व्हरवर जपलं जायचं, मशीन विसरलं तरी. त्यावर काकांनी वाचनालयाचा जिना काढायला घेतला. रोज कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर थांबत चढायचे, त्यामुळे तो जिना त्यांच्याइतका कुणालाच पाठ नव्हता. हात सरावला तशी मावशीने नक्कल करून दुसरी इमेज केली, तिच्यात वर्तुळ आलं. मग मापं आली. अशा सहा झाल्या, खिडकी-एक ते खिडकी-सहा, आणि सहावी म्हणजे जवळजवळ त्यांच्या ऑफिसातला मूळ प्रोग्रामच. कायद्याप्रमाणे जुनी एकही पुसलेली नव्हती.

हे मला अगदी वेगळ्या वाटेने कळलं. नाश्त्याच्या टेबलावर मावशी पावाला लोणी लावता लावता काकांच्या छातीकडे बघत असायची. मला वाटलं, या वयात काय हे प्रेम! मग ती घाईने काकांच्या आधी निघायची. काका सावकाश चालायचे, पेपरच्या स्टॉलवर उभ्याउभ्या मथळे वाचून पेपरवाल्याशी भांडायचे, तेवढ्यात ती हॉलमध्ये पोचलेली असायची. एका सकाळी मी तिच्या पाठोपाठ सर्व्हरपाशी गेले.

"आज दोन," ती सर्व्हरसमोर पुटपुटली.

"काय दोन?"

"काही नाही."

"मावशी."

"अगं, वरचं बटण खालच्या काजात गेलंय त्यांचं. आणि ते त्यांच्या लक्षातही आलेलं नाही. म्हणजे आज पाच-सहा झेपायची नाही. चिडतील, मग दिवसभर भिंतीकडे तोंड. म्हणून आज खिडकीला दोन." तिने एक ओळ बदलली. "बटणं सरळ पण हात थरथरता, तर तीन किंवा चार. सगळं नीट असून वर मला टोमणा मारला, तर सहा."

"आणि हे त्यांना माहीत आहे?"

"काय?"

"मशीन रोज बदलतं ते."

"मशीन कुठे बदलतं? मशीन तेच आहे."

"मावशी, मी नाटकात काम करते. असली उत्तरं मी रंगमंचावर देते, घरी नाही."

ती खुर्चीत मागे टेकली. "मग काय सांगू त्यांना? अहो, आज तुमचं डोकं दोन नंबरचं आहे?" मग खालच्या आवाजात म्हणाली, "पहिल्यांदा नुसतं चढायचंच होतं गं. दर थोड्या दिवसांनी एक पायरी, आणि प्रत्येक वेळी मी त्यांना सांगायचे, बघा, नवीन बटण आलंय. थंडीत तो दुसरा झटका आला, छोटासाच, आणि मग खाली यावं लागलं. ते कसं सांगायचं ते मला कळलं नाही. मी गुपचूप जुनी लावली. बटणं कमी झाली ते त्यांच्या लक्षातच आलं नाही, त्यांना वाटलं, आज हात छान चालतोय. एवढे खूश झाले... मग काय, तेच चालू राहिलं."

"सहा शेवटची कधी लावलीस?"

ती घाईने सर्व्हरसमोरून उठली. जिन्यावर काकांची चप्पल वाजत होती.

त्याच आठवड्यात ग्रंथपाल मॅडम वर आल्या. आवाज न चढवता बोलणारी बाई, आणि त्या दिवशी बरोबरही होत्या.

"ताई, सर्व्हरवर जागा उरलेली नाही. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी वर्ग सुरू करतोय, त्यांची इमेज ठेवायची कुठे? मी बघितलं, एका खिडकीच्या खुर्चीसाठी सहा आहेत."

"हो मॅडम."

"सहाच्या सहा लागतात?"

"सगळ्या रोज नाही लागत."

"कुणासाठी आहेत ते मला माहीत आहे. मी पुसा असं म्हणत नाही. पण तीन तरी मोकळ्या करा. कुठल्या, ते तुम्ही ठरवा."

मॅडमना वाटलं, आपण सोय केली. संध्याकाळी मावशी बटाटे सोलत होती आणि सालं बटाट्यापेक्षा जाड निघत होती.

मी म्हटलं, "खालच्या तीन पुस ना. सोप्या."

"आणि उद्या लागल्या तर?"

"मग वरच्या पुस."

सुरी थांबली. "वरच्या पुसायच्या म्हणजे मी ठरवून टाकायचं, की हा माणूस आता तिथवर जात नाही. त्यांच्या पाठीमागे ठरवायचं."

"मग त्यांना विचार."

"तू गप बस आणि कांदा चीर."

आतल्या खोलीतून काका ओरडले, "काय गं, कुणाला विचारायचंय?"

"मीठ किती घालू ते!"

"माझ्या रक्तदाबाला विचार!"

पुसायचं काम असं दिवसेंदिवस पुढे ढकललं गेलं. मग हॉलला रंग द्यायला रंगारी आला. त्याने सगळी मशीनं सोडवून मधोमध चादरीखाली रचली, भिंती रंगवल्या आणि सगळं जागच्या जागी मांडून ठेवलं. सकाळी आम्ही गेलो तेव्हा तो बाहेरच्या पॅसेजमध्ये शिडीवर होता आणि हॉलला नव्या रंगाचा वास येत होता. त्या दिवशी काकांची दोन बटणं चुकली होती. मावशीने खिडकीला पहिली इमेज लावली. तीन बटणांची.

काका आले, बसले, मशीन सुरू केलं. त्यांच्या मागच्या टेबलावर नेहमीच्या शिंपीणबाई बसल्या. आपल्या दुकानाचा हिशेब कॉम्प्युटरवर ठेवायला शिकत होत्या, आणि जे दिसेल ते मोठ्याने सांगायची त्यांना सवय होती.

आधी काका बोलले. "अगं, मला चौकटीच चौकटी दिसतायत. कापड, अस्तर, हुक... हे काय आहे?"

तेवढ्यात मागून शिंपीणबाई. "अय्या, ताई! माझं सगळं गेलं! तीनच बटणं उरलीत, आणि एवढी मोठाली! एवढं मोठं सुईचं नेढं असतं तर चष्माच नको." मग जरा पुढे वाकून, "आणि हा जिना कुणी काढलाय? आपलाच जिना की! झकास काढलाय हो."

काका वळले. वळायला त्यांना वेळ लागतो. आधी मान, मग खांदा, मग खुर्चीचा आवाज. त्यांनी मागचा पडदा पाहिला. स्वतःचा जिना पाहिला. त्याच्या वरची तीन बटणं पाहिली.

मावशी धावत पॅसेजमध्ये गेली होती. "अहो, मशीनं जागच्या जागी ठेवली होतीत ना?"

"होती तश्शी, ताई!" शिडीवरून उत्तर आलं. "आणि डब्यांच्या मागे कसल्या तरी चिकट पट्ट्या होत्या, घाणेरड्या, त्याही खरवडून काढल्या. त्याचं वेगळं काही नको."

त्या पट्ट्यांवर मावशीने टेबलांची नावं लिहिली होती. डबे सगळे सारखे. खिडकीतला डबा मागे गेला होता आणि मागचा खिडकीत. सर्व्हर डबा ओळखतो, टेबल नाही. त्याने आपलं काम चोख केलं होतं.

ती आत आली तेव्हा काका उभे होते, शिंपीणबाईंच्या खुर्चीच्या पाठीला धरून.

"ही पहिली आहे ना?" त्यांनी विचारलं. "दवाखान्यातून आल्यावर दिलेली?"

"अहो, डबे बदललेत, मी आत्ता..."

"डबे बदललेत ते कळलं मला. हा माझा डबा आहे. म्हणजे ही आज माझ्यासाठी होती."

 शिंपीणबाई उठल्या आणि पाण्याची बाटली भरायला गेल्या. बाटली भरलेलीच होती.

"बस इथे," काका मावशीला म्हणाले. ती बसली. मी जायला निघाले तर, "तूही थांब, नाटकवाले. तुला माहीत होतं, तुझ्या तोंडावर दिसतंय. कसली नटी तू!" मग मावशीला, "कशावरून ठरवतेस?"

"बटणांवरून."

"कुठल्या?"

"शर्टाच्या."

त्यांनी मान खाली घालून स्वतःची छाती पाहिली. डाव्या हाताने चुकलेलं बटण चाचपलं. 

"जिन्याचा तो मधला टप्पा काढला मी. वळणाचा. तुला बोलावून दाखवला होता."

"हो."

"तो कितव्यावर?"

मावशीला खोटं बोलता आलं असतं. मी तिच्याकडे बघत होते आणि मला वाटलं, ती बोलणार.

"दोनवर," ती म्हणाली.

"दोनवर. आणि मी सहा समजून नाचलो."

"नाचला नाहीत. नुसता पाय आपटलात."

"नाचच होता तो, माझ्या पायाच्या मानाने." ते हसले नाहीत. "दिवस वाईट असला की मला कळतं गं. उठल्याउठल्या कळतं. मग मी इथे येतो, आणि हात छान चालतो. मी म्हणतो, चला, आपल्याला वाटलं तेवढं वाईट नाही. रोज असं. आता मला काय खरं धरायचं तेच कळेनासं झालं. मी बरा होतोय, का तू मला बरा दाखवतेस?"

"मला तुम्हाला भिंतीकडे तोंड करून बसलेलं बघवत नाही."

"मग बघू नकोस. पण माझी भिंत माझी मला राहू दे."

त्या दिवशी ते घरी लवकर गेले. जिना एकटेच उतरले, मावशीचा हात न घेता, आणि आम्ही दोघी वर उभ्या राहून चपलेचा आवाज मोजत नव्हतो असं दाखवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला काका आले ते डोक्यातून घालायच्या जुन्या स्वेटरमध्ये. उकाडा होत होता. स्वेटरला एकही बटण नव्हतं.

मावशीने लोणी लावायची सुरी खाली ठेवली. "उकडेल."

"उकडू दे."

"अहो, पण आता मी काय..."

"बघ ना," काका पावाचा तुकडा चहात बुडवत म्हणाले. "कसं वाटतं, काहीच कळत नसलं की?"

मला हसू आलं आणि मी ते खोकल्यावर ढकललं. मावशीला हसू आलं नाही. ती त्यांच्याकडे सरळ बघत राहिली, आणि मग बऱ्याच दिवसांपूर्वी विचारायला हवं होतं ते तिने विचारलं.

"मॅडमना जागा हवी आहे. तुमच्या सहा आहेत, तीन पुसायच्या आहेत. कुठल्या पुसू?"

काकांनी चहा संपवला. "अशी विचारायची पद्धत असते होय? मला वाटलं, मिठासारखं ओरडून विचारतात." मग थोडं थांबून, "दोन, चार, पाच पुस. अधलंमधलं मला नको. तिसरी ठेव, बऱ्यावाईट दिवसाला. पहिली ठेव, उपयोगाची आहे."

"आणि सहा?"

"सहा ठेव."

"तुम्ही तर बरेच दिवस..."

"उघडेन किंवा नाही उघडणार. पण ती तिथे आहे हे मला दिसायला हवं."

मावशीने त्याच दिवशी तीन इमेज पुसल्या. मी शेजारी उभी होते. सर्व्हर दर वेळी विचारतो, खात्री आहे का, आणि दर वेळी ती त्याला मोठ्याने म्हणाली, "हो रे बाबा, त्यांनीच सांगितलंय." मग तिने खिडकीच्या मशीनसाठी एक गोष्ट केली जी हॉलमध्ये दुसऱ्या कुणालाच नव्हती. मशीन सुरू झालं की सर्व्हर स्वतःहून काही देणार नाही. आधी पडद्यावर तीन ओळी येतील आणि बसलेल्या माणसाने बाणाचं बटण दाबून आपली निवडायची. नावं तिने वरून खाली सहा, तीन, एक अशीच ठेवली होती. काकांनी ती बदलायला लावली. शेजारी बसून एकेक अक्षर सांगितलं आणि मावशीने टाईप केलं:

आज जमतंय.
आज बघू.
आज नको विचारू.

"तिसरं नाव चांगलं नाही," मावशी म्हणाली.

"तिसरंच सगळ्यात चांगलं आहे. ते तुझ्यासाठी आहे."

त्या तीन ओळींच्या खाली एक आकडा उलटा सरकत होता. कुणी काही निवडलं नाही तर थोड्या सेकंदांनी मशीन आपलं आपण पहिलं नाव उचलतं. सगळीकडे असतंच तसं. काकांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. "हा कोण, घाई करणारा?"

मावशीने तो काढून टाकला.

पुढच्या सकाळी रंगाचा वास थोडा कमी झाला होता. शिंपीणबाईंचा डबा शिंपीणबाईंकडे, खिडकीतला खिडकीत, मागे नव्या पट्ट्या. काका स्वेटरमध्येच आले. बसले. बटण दाबलं. पडद्यावर तीन ओळी येऊन थांबल्या आणि थांबूनच राहिल्या. खाली कुठलाही आकडा पळत नव्हता.

मावशीच्या टेबलावर सर्व्हरचा पडदा होता. कुठलं मशीन कुठली इमेज मागतंय, ते त्यावर ओळीने उमटत जातं. हिशेबाची उमटली. परीक्षेची उमटली. खिडकीची उमटायच्या आत मावशीने हात पुढे करून पडदा बंद केला आणि उठून खटारा मशीनमागची धूळ पुसायला लागली. धूळ तिने कालच पुसली होती.

 खिडकीत काका पडद्याकडे बघत होते, डावा हात उजव्या हातावर ठेवून. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग बाणाचं बटण वाजलं, टक. पुन्हा टक. मग एंटरचं मोठं बटण.

कुठली ओळ, ते मी होते तिथून मला दिसलं.

"झालं का सुरू?" मावशीने पाठमोरीच विचारलं.

"झालं."

"बरं," ती म्हणाली, फडकं झटकलं आणि शिंपीणबाईंना हाक मारली. त्यांच्या हिशेबात कालचं अस्तर दोनदा लागलं होतं.